कॉन्टेसातली थंड हवा

"जावईबापू, आज येईल का हो थंड हवा?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या कॉन्टेसात उताणा पडलो होतो. पाय दाराबाहेर, आणि ड्रायव्हर जिथं पाय ठेवतो तिथं माझं डोकं. दातांत टॉर्च, डोळ्यांत घाम आणि केसांत उंदराच्या घरट्यातून सांडलेला कापूस. डॅशबोर्ड उपसून अंगणात चटईवर ठेवला होता, मागं नुसत्या वायरी लोंबत होत्या. मे महिना होता, आणि यवतमाळचा मे महिना काय असतो हे ज्यानं काढला त्यालाच कळतं.

टॉर्च काढून मी म्हणालो, "बघतोय, आई."

"सावकाश करा. घाई काहीच नाही. मी आपलं सहज विचारलं."

हे सहज विचारणं सकाळी चहाबरोबर व्हायचं, दुपारी पानात वाढताना व्हायचं आणि संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरताना पुन्हा व्हायचं. जावयाला काम सांगायचं नसतं, हा निर्मलाबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, नियम होता. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी मला साधा पाण्याचा तांब्या आणायला सांगितला नव्हता. त्या फक्त विचारायच्या. आणि त्यांच्या विचारण्याला नाही म्हणायची सोय नसायची.

त्या वर्षी त्या यवतमाळचं घर सोडून पुण्याला मुलाकडं, अभयकडं, कायमच्या राहायला जाणार होत्या. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. मी वणीला शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणजे मे महिन्यात रिकामा. निदान सगळ्यांचं तसं मत होतं. त्यामुळं सामानाची बांधाबांध करायला मी, माझी बायको रजनी आणि आमच्या दोन मुली तिथं जाऊन राहिलो होतो. भांडी, कपाटं, पलंग सगळं मार्गी लागलं. राहिली ती टिनाच्या शेडमधली कॉन्टेसा.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मनोहरराव भोयर सूतगिरणीचे मॅनेजर होते आणि गावात एसीची गाडी पहिल्यांदा त्यांच्याकडं आली, असं रजनी अजूनही सांगते. ते गेल्यापासून, म्हणजे आठ-नऊ वर्षं, गाडी ताडपत्रीखाली उभी होती. अभयनं पुण्यात बसून गिऱ्हाईक शोधलं. नागपूरचे एक डॉक्टर, जुन्या गाड्यांचे शौकीन. गावातल्या मिस्त्रीनं टाकी धुऊन, बॅटरी बदलून इंजिन सुरू करून दिलं. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "एसी बंद असला तरी चालेल. मी सगळी गाडी खोलणारच आहे."

इथं विषय संपायला हवा होता.

"देऊ ना गाडी," सासूबाई म्हणाल्या. "एसी चालू झाला की देऊ."

"आई, त्यांना एसी नकोच आहे."

"हो का? बरं." त्यांनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. "किती दिवस लागतात हो एसी करायला?"

मी रजनीकडं पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. स्वयंपाकघरात गाठून ती मला म्हणाली, "बाबांची गाडी अशी मोडक्या अवस्थेत द्यायला जीव होत नसेल तिचा. तुम्हाला कळत कसं नाही? करून टाका ना एवढं."

अभयला फोन केला तर तो म्हणाला, "आईच्या भावना आहेत, भाऊजी. आपण समजून घेतलं पाहिजे." पुण्यातून समजून घेणं सोपं होतं. त्याच्या केसांत उंदराचा कापूस नव्हता.

यवतमाळात गाडीच्या एसीचं काम करणारा एकच माणूस मोकळा सापडला, तो म्हणजे पंजाब राऊत. पंजाब हे त्याचं नाव. आमच्या भागात असतं ते. धिप्पाड, पान खाणारा आणि जन्मात कधी 'नाही' हा शब्द न उच्चारलेला माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि मोठ्यानं हसला.

"मास्तर, हे तर म्युझियम आहे."

"होईल का?"

"काऊन नाही होणार? दोन दिवसांत गाडीत स्वेटर घालून बसान तुमी."

दोन दिवसांनी कळलं की कॉम्प्रेसर गंजून जाम झालाय. नवा नागपूरहून मागवला, तो दुसऱ्याच गाडीचा आला. तो परत गेला, दुसरा आला. मग कळलं की त्या काळचा गॅसच आता मिळत नाही. नवा गॅस घालायचा तर रबराच्या सगळ्या नळ्या आणि रिंगा बदलायला हव्यात. त्या बदलल्या. गॅस भरला. पंजाबनं बटण फिरवलं, आणि समोरच्या जाळीतून गरम वाऱ्याबरोबर वाळलेल्या शेंगांची टरफलं, कापूस आणि काळ्या लेंड्या थेट माझ्या तोंडावर आल्या.

"ब्लोअरमध्ये उंदरानं संसार मांडला, मास्तर," पंजाब म्हणाला. त्याला याचं फार कौतुक वाटलं.

डॅशबोर्ड तेव्हा निघाला. तो काढायचा दिवस आणि पंजाबच्या साळ्याच्या लग्नाचा दिवस एकच निघाला. डॅशबोर्ड चटईवर ठेवून, मागच्या ब्लोअरचे निम्मे स्क्रू काढून तो दारव्ह्याला लग्नाला गेला. म्हणून उरलेले मी काढत होतो. भूगोलाचा शिक्षक.

"चहा ठेवू का?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"नको, आई."

"सरबत?"

"नको."

मग, "ही थंड हवा मागच्या सीटला जास्त लागते का पुढच्या हो?"

मी बाहेर आलो. त्या दारापाशी छत्री धरून उभ्या होत्या. वय सत्तरीचं, पदर डोक्यावर आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी उत्सुकता.

"तुम्हीच सांगा ना, आई. तुम्ही इतकी वर्षं बसलात या गाडीत."

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "एसी लागायचा तो गिरणीचे चेअरमन बसले की." आणि आत निघून गेल्या.

मला वाटलं, सासऱ्यांच्या आठवणीनं गलबलून आलं असेल.

लग्नाहून पंजाब आला तो पोट बिघडवून. बरा झाला आणि ब्लोअर साफ झाला. डॅशबोर्ड बसला. चार स्क्रू उरले. ते कुठले, हे विचारल्यावर तो म्हणाला, "कंपनी जास्तीचे लावते, मास्तर." पुन्हा गॅस भरला. या वेळी खरोखर थंड वारा आला. मी धावत जाऊन सासूबाईंना बोलावलं. त्या हात पुसत, पदर सावरत, चपला घालून शेडपर्यंत येईतो वारा कोमट झाला होता. त्यांनी जाळीसमोर हात धरला, जरा वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"हेच का?"

पंजाब गाडीखाली गेला. वर आला तेव्हा त्याचाही चेहरा पहिल्यांदाच पडला होता. "कूलिंग कॉईलले भोक आहे. गॅस गेला सारा."

"आणि कॉईल कुठं असते?" उत्तर मला माहीत होतं. तरी विचारलं.

"डॅशबोर्डच्या मांगं."

त्या दिवशी माझा बांध फुटला. पंजाबवर ओरडून उपयोग नव्हता, तो हसला असता. मी हात न धुताच घरात गेलो. सासूबाई कैरीचं पन्हं करत होत्या.

"आई, एक बोलतो. राग मानू नका. सोमवारी डॉक्टर ट्रक घेऊन येणार आहेत. त्यांना एसी नको. अभयला नको. रजनीला नको. गाडी इथून गेली की ती पुन्हा आपल्याला दिसणारसुद्धा नाही. बाबांची आठवण मनात असते, एसीत नसते. मग हा खटाटोप कुणासाठी चाललाय?"

मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो, ते तेवढंच. दारात रजनी उभी होती, ती घाबरून पाहत राहिली. सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

मग पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "एवढं करून द्या, जावईबापू."

मी पंजाबला घेऊन त्याच्याच मोटरसायकलवर अमरावतीला गेलो. उन्हात. कॉईल मिळाली, ती मांडीवर घेऊन परत आलो. डॅशबोर्ड पुन्हा निघाला. कॉईल अंगुळभर मोठी होती, मागचा पत्रा कापून ती बसवली. या वेळी पंजाबनं गॅस भरण्याआधी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासले, कारण मी त्याच्या डोक्यावर उभा होतो आणि हातात पाना होता. रविवारी सकाळी गाडी सुरू केली, बटण फिरवलं, आणि वारा आला. थंड आला. थंडच राहिला. माझ्या मुली आत बसून किंचाळायला लागल्या.

"पन एक आहे, मास्तर," पंजाब माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "रेडिएटर जुनाच आहे. चढावर काट्यावर ध्यान ठेवा. तापली का एसी बंद करा."

सासूबाई बाहेर आल्या त्या तयार होऊनच. इस्त्रीची साडी, हातात लहान पर्स.

"आर्णी रोडनं जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "बोरजईपर्यंत."

बोरजई त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं कुणी राहिलं नव्हतं, भाऊ वारले होते आणि भाचे नाशिकला.

"मीही येते, आई," रजनी पुढं आली. "बाबांच्या गाडीत शेवटचं..."

"तू पोरींना जेवायला घाल. आम्ही दोघंच जातो."

मी मागचं दार उघडलं. ते पाहून त्या पुढं गेल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. काच स्वतःच गोल गोल फिरवून पूर्ण वर केली. दारात रजनी तोंडाला पदर लावून उभी होती.

गाव मागं पडलं. बाहेर रस्ता नुसता भाजत होता. पळसाची झाडंसुद्धा मान टाकून उभी होती. आत गार होतं. त्यांनी चप्पल काढून पाय सीटवर घेतले. मग तोंड जाळीजवळ नेलं, डोळे मिटले, गालावर वारा घेतला. एक गाल झाल्यावर दुसरा. मला पाहावेना आणि हसूही येईना. मी रस्त्याकडं पाहत राहिलो.

"बरं वाटतंय ना, आई?"

"आवाज फार करतो," त्या म्हणाल्या. मग जराशानं, "पण गार आहे."

पुढं एक छोटा पूल येतो आणि तिथून चढ लागतो. पूल दिसला तशा त्या सरळ होऊन बसल्या.

"माझ्या वडिलांची तेरवी करून आम्ही परत येत होतो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, भाजी निवडताना असावा तसा. "असाच मे होता. अभय, रजनी तेव्हा होस्टेलला, परीक्षा होत्या म्हणून आले नव्हते. मी आणि हेच. तेरा दिवस मी धड जेवले नव्हते. गाडी नवीकोरी. मला घेरी यायला लागली. इथं, या पुलापाशी मी म्हटलं, जरा एसी लावता का."

मी गिअर बदलला.

"हे म्हणाले, तुझ्या बापानं दिली होती का गाडी?"

कॉम्प्रेसरचा घरघर आवाज तेवढा गाडीत राहिला. मनोहरराव माझ्याशी नेहमी हसून बोलायचे. जावई आला की स्वतः बाजारात जाऊन आंबे आणायचे.

"तेराव्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं असेल, म्हणून मी वाट पाहिली. आता काही बोलतील, मग बोलतील. घर आलं. यांनी हॉर्न वाजवला, गड्याला फाटक उघडायला. बस."

"मग तुम्ही?"

"मी काय? त्यानंतर मी कधी मागितलं नाही. नागपूरला गेलो, शेगावला गेलो, रजनीच्या बाळंतपणाला तुमच्याकडं आलो. काच उघडी ठेवायची आणि पदर तोंडावर घ्यायचा. बायका म्हणायच्या, निर्मलाबाईंचं काय बाई, एसीच्या गाडीतून फिरतात. मी हो म्हणायची." त्यांनी पाय खाली घेतले. "रजनीशी मात्र हे कधी तसं बोलले नाहीत. तिला बाप चांगला मिळाला. ते काही खोटं नाही."

चढ सुरू झाला होता. मी ऐकत होतो, म्हणून काट्याकडं लक्ष गेलं ते उशिराच. काटा लाल पट्टीला टेकला होता. बॉनेटच्या कडेनं वाफेची बारीक रेघ निघत होती. डोक्यात एकदम सगळं आलं. उद्या डॉक्टर येणार, भर उन्हात इंजिन धरलं, जाम झालं तर टोईंगची गाडी कुठून आणायची, आणि पंजाब फोन उचलणार नाही. माझा हात आपोआप एसीच्या बटणाकडं गेला.

"आई, इंजिन तापलंय. एसी बंद करावा लागेल."

त्यांनी माझं मनगट धरलं.

इतक्या वर्षांत त्यांचा हात मला कधी लागला नव्हता. नमस्कार केला तरी त्या दुरूनच आशीर्वाद द्यायच्या. पकड चांगली घट्ट होती. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि काय बोलून बसलो ते माझ्या लक्षात आलं. हात मागं घेतला. स्टिअरिंग धरलं आणि गाडी चढवत राहिलो. वाफ वाढली. रबर जळल्यासारखा वास यायला लागला. ट्रकवाला ओव्हरटेक करताना हातवारे करून काहीतरी सांगून गेला. मी मनात म्हटलं, धरू दे इंजिन. डॉक्टर सगळी गाडी खोलणारच आहेत.

चढ संपला. माथ्यावर सासूबाईंनी समोर पाहिलं, दूरवर आर्णीच्या बाजूची सपाटी दिसत होती, तिकडं पाहत त्या थोडा वेळ बसल्या. मग हात पुढं करून त्यांनी बटण शोधलं, नीट वाकून पाहिलं कुठल्या बाजूला फिरतं ते, आणि स्वतः बंद केलं.

"झालं माझं," त्या म्हणाल्या.

काच खाली केली. भट्टीसारखी हवा आत आली. आम्ही एका बाभळीखाली गाडी उभी केली, बॉनेट उघडून ठेवलं आणि दगडांवर बसून राहिलो. बरोबर आणलेलं पाणी त्यांनी आधी मला दिलं. इंजिन निवल्यावर मी विचारलं, "बोरजई जवळच आहे आता. जायचं ना?"

"कोण आहे तिथं? वळवा."

पंधरवडाभर मी ज्यासाठी खपलो ती फेरी अर्ध्या रस्त्यात संपली होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी भांडलो असतो. मी मुकाट्यानं गाडी वळवली. परतीला उतार होता. काचा चारही उघड्या होत्या. त्या सबंध रस्ता बाहेर हात काढून बसल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, आई, हात आत घ्या, समोरून ट्रक येतात. घेतला नाही.

सोमवारी डॉक्टर गाडी घेऊन गेले. त्यांनी एसी लावूनसुद्धा पाहिला नाही. सासूबाई पुण्याला गेल्या, तिथं बरीच वर्षं राहिल्या आणि तिथंच गेल्या. त्यानंतर त्या पुलाबद्दल त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पुन्हा 'आज उशीर होईल का हो' आणि 'पोळी वाढू का' यावर आल्या. पण त्या रविवारी आम्ही घरी परतलो तेव्हा रजनी फाटकापाशीच उभी होती. मी गाडीतून उतरताच तिनं मला बाजूला घेतलं.

"कशी होती आई? रडली का?"

"नाही."

"काहीच बोलली नाही? बाबांची आठवण काढली असेल ना?"

तेवढ्यात सासूबाई पलीकडच्या दारानं उतरल्या, पर्स काखेत धरली, पदर डोक्यावर सारखा केला आणि आमच्या शेजारून घरात जाता जाता म्हणाल्या,

"काढली ना. सबंध रस्ता त्यांचीच आठवण काढत होते."

रजनी ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो.